चांदीने पाणी शुद्ध करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे माठात चांदीचं नाणं टाकायचं आणि निवांत व्हायचं. जंतू मारतात ते चांदीचे आयन (पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण), आणि नाण्यातून ते किती सुटतील हे सगळं अंदाजपंचे, पाणी कसलंय, नाणं किती काळवंडलंय, मुळात चांदी खरी आहे का. त्यापेक्षा चांदीची गोळी किंवा ड्रॉप्स बरे, निदान डोस ठरलेला असतो.

पण तिथेही गोंधळ घालतात. पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच, आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) हीच मर्यादा आहे. २० लिटरची गोळी ५ लिटरच्या कळशीत टाकली की डोस डायरेक्ट चौपट. एखाद्या वेळी झालं तर घाबरू नका, पण वर्षानुवर्षं जास्त चांदी अंगात साठली की कातडी निळसर राखाडी पडते (आर्जिरिया) आणि तो रंग परत जात नाही. बॅटरीला चांदीच्या तारा जोडून घरी ‘सिल्व्हर वॉटर’ बनवणाऱ्यांचं तर मला कळतच नाही, चांदी किती उतरली हे मोजणार कशाने?

घाई पण नडते. क्लोरीनला अर्धा तास लागतो, चांदीला किमान दोन तास, गार पाण्यात अजून जास्त. गडावरच्या टाक्यातलं पाणी भरून गोळी टाकायची आणि पाच मिनिटांत बाटली तोंडाला लावायची, याला काही अर्थ नाही. त्यात पाणी गढूळ असेल तर आयन मातीला आणि शेवाळालाच चिकटून बसतात, म्हणून आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, फडक्याने गाळा, मग गोळी.

आणि हे सगळं बरोबर केलं तरी कावीळ पसरवणारे व्हायरस आणि जिआर्डियासारखे चिवट जंतू चांदीने मरतील याची खात्री नाही! पाणी कुठलंय माहीत नसेल किंवा गावात साथ असेल तर सरळ उकळा. खळखळून एक मिनिट पुरे, कळसूबाईवर पण तेवढंच, तीन मिनिटांची भानगड साधारण २००० मीटरच्या वर. चांदीचं खरं काम म्हणजे आधीच शुद्ध केलेलं पाणी टिकवणं, रशियन लोक स्पेस स्टेशनवर त्यासाठीच वापरतात.

डोस बरोबर असूनही दोन दिवसांत पाण्याला वास येतो, कॅन आतून बुळबुळीत लागतो? बोअरचं पाणी खारं आहे का बघा, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड चांदीच्या आयनांना धरून ठेवतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, अशा पाण्याला क्लोरीनच वापरा. भांडं तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर चांदी धातूवर जाऊन बसते, स्टीलवर पण हळूहळू बसतेच, त्यापेक्षा फूड ग्रेड प्लॅस्टिकचा कॅन घ्या आणि उन्हात ठेवू नका. वास आलेलं पाणी झाडांना घाला, कॅन घासून धुवा आणि नवीन भरा, त्याच पाण्यात अजून एक गोळी टाकत बसू नका.