विंडोज नवं टाकलं आणि लायसन्स रुसलं? कुठून सुरुवात करायची

१९ तारखेची संध्याकाळ. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका करसल्लागार मॅडमचा फोन. “भाऊ, मुलानं विंडोज अकरा टाकलं. आता टॅली एज्युकेशनल म्हणतंय आणि एक्सेलच्या डोक्यावर ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ आलंय. उद्या वीस तारीख!” जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, आणि ते भरायची ती शेवटची तारीख. भरणाऱ्याला वीस तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही.

मी एकच विचारलं, “वरून अपग्रेड केलं की फॉरमॅट मारला?” जरा वेळ शांतता. मग मागून मुलाचा बारीक आवाज आला, “फॉरमॅट.”

निम्मं निदान या उत्तरात असतं. विंडोज १० वर ११ चढवलं तर प्रोग्रॅम आणि लायसन्स सहसा जागच्या जागी राहतात. बिघडलंच तर एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) बंद पडलेली असते, नाहीतर जुना ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) नव्या विंडोजला चालत नाही. फॉरमॅटमध्ये मात्र तुमच्या मशीनवरची लायसन्सची फाइल पुसली जाते, आणि कंपनीच्या सर्व्हरवर ‘हे लायसन्स अमुक मशीनवर चालू आहे’ ही नोंद तशीच राहते. तुम्ही पुन्हा गेलात की सर्व्हरला वाटतं, कुणी दुसराच आला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि असे फोन वाढले. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो, तो क्रम इथे देतो.

आधी हात आवरा

घाईनं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करू नका. पुन्हा फॉरमॅट तर नकोच. आणि लायसन्सशिवाय सॉफ्टवेअर चालू करून देणारा, मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेला ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ हिशेबाच्या मशीनवर चालवू नका. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. स्क्रीनवरच्या एररचा मोबाइलनं फोटो काढा. वरून अपग्रेड केलं असेल तर पहिले १० दिवस परतीची वाट उघडी असते: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, आणि तिथे ‘गो बॅक’. त्या दिवसांत डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्यात तर ही वाटही बंद होते.

मग घड्याळ

हसू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकली की अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. तारीख, वेळ आणि टाइम झोन तपासा. सेल स्वस्त असतो, बदलून टाका.

खुद्द विंडोज

सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे जा. ‘डिजिटल लायसन्सनं अ‍ॅक्टिव्ह’ असं दिसलं तर विंडोजचा प्रश्न नाही, पुढे चला. नसेल तर आवृत्ती (होम किंवा प्रो) बघा. विंडोज ८ पासून ब्रँडेड लॅपटॉपची की, म्हणजे लायसन्सचा कोड, बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) भरून येते. लॅपटॉप होमचा आणि कुणीतरी कौतुकानं प्रो टाकलेलं, तर ती की प्रोला चालणार नाही. प्रोची की विकत घ्या किंवा होम पुन्हा टाका. तिसरा मार्ग नाही.

एररच्या शेवटच्या चार अक्षरांवरून बरंच कळतं. शेवटी एफ२११ असेल तर विंडोजला हार्डवेअर बदललेलं दिसतंय, बहुतेक मदरबोर्ड. त्याच पानावर ट्रबलशूटर चालवा, ‘हार्डवेअर नुकतंच बदललं’ हा पर्याय निवडा आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला लायसन्स जोडलं होतं त्यानं लॉगिन करा. आधी जोडलंच नसेल तर इथे अडकाल. शिवाय लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्याच बोर्डापुरतं असतं, स्वतंत्र विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. शेवटी सी००३ म्हणजे की ब्लॉक झालेली. सी००८ म्हणजे ती परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरलेली. चारपाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’ कीचं पुष्कळदा हेच होतं. एफ०७४ आलं आणि मशीन ऑफिसचं असेल, तर ते कंपनीच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरला शोधतंय. कंपनीच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर जोडा. अशा मशीनला दर १८० दिवसांत एकदा तरी त्या सर्व्हरला भेटावंच लागतं. घरच्या मशीनवर हा कोड दिसला, तर तुमचं विंडोज ज्यानं बसवलं, त्यानं काय टाकलं होतं ते त्यालाच विचारा.

आणखी एक तपासणी आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एसएलएमजीआर टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि एक्सपीआर (slmgr /xpr), मग एंटर. लायसन्स कायमचं आहे की मुदतीचं, हे छोट्या खिडकीत लिहून येतं.

ऑफिस: खातं कुणाचं?

मॅडमचं घोडं खरं इथे अडलं. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस पहिल्यांदा ज्या खात्यानं उघडलं, त्या खात्याला कायमचं बांधलं जातं. त्यांनी लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं काउंटरवरच एक ईमेल बनवून ऑफिस सुरू करून दिलं होतं. तो ईमेल ना मॅडमना आठवत होता, ना बिलावर होता. हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की नवा लॅपटॉप घेणाऱ्याला मी आधी हेच सांगतो: खातं स्वतः बनवा, चहा थंड झाला तरी चालेल.

मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन पानावर मोबाइल नंबरवरून युजरनेम शोधायची सोय आहे. नशिबानं त्या पोरानं नंबर मॅडमचाच दिला होता. ओटीपी आला, खातं सापडलं, पासवर्ड बदलला. मग एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट इथे जाऊन चुकीच्या खात्यातून साइन आउट, बरोबर खात्यानं साइन इन. तरी हट्ट धरला तर कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ऑफिसच्या जुन्या नोंदी काढून पुन्हा साइन इन करा. ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यांचाही सपोर्ट त्याच १४ ऑक्टोबरला संपलाय, पण ती चालायची थांबत नाहीत.

अ‍ॅडोबीसारख्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरला एवढी झटापट लागत नाही. वैयक्तिक वर्गणी दोन मशीनवर चालू राहते. फॉरमॅटआधीचं मशीनही त्यात मोजलं गेलं असेल तर खात्यात जाऊन ते काढा.

टॅली

वरून अपग्रेड झाल्यावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्स नसताना चालणाऱ्या शिकाऊ रूपात) गेलं, तर आधी विंडोजमधली सर्व्हिसेसची यादी उघडून टॅली गेटवे सर्व्हर चालू आहे का बघा. बंद असेल तर सुरू करा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. एज्युकेशनलमध्येच ‘आजचं काम’ रेटू नका, तिथे महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच व्हाउचर टाकता येतं.

फॉरमॅट करायचाच असेल तर आधी टॅलीमधून लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे त्या मशीनवरून सोडवायचं, मग नव्या विंडोजवर पुन्हा सुरू करायचं. सरेंडर राहून गेलं तर सिरीयल नंबर आणि लायसन्सच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा ईमेल हाताशी ठेवून रीअ‍ॅक्टिव्हेट करून बघा. नाहीच झालं तर हेच दोन घेऊन सपोर्टशी बोला. अनलॉक की त्या ईमेलवर येते. तो ईमेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल, तर तो आधी बदलून घ्या. डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर ठेवायला मात्र विसरू नका. लायसन्स परत मिळतं, पुसलेला हिशेब नाही.

यूएसबी लॉकवालं सॉफ्टवेअर

रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिका करणारे आणि अंबडमधले ड्रॉइंगवाले यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला पेनड्राइव्हसारखा लॉक असतो. लॉक शाबूत, सॉफ्टवेअर शाबूत, तरी ‘लॉक सापडत नाही’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर जुना आहे. विंडोज ११ मधलं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण काही जुने ड्रायव्हर चालूच देत नाही. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे गेलात की कोणता ड्रायव्हर आडवा येतोय ते दिसतं. तो काढा, लॉक उपसून ठेवा, लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका, मशीन रीस्टार्ट करा आणि मगच लॉक लावा. ते संरक्षण बंद करून काम भागवायचा सल्ला सर्रास मिळतो. ज्या मशीनवर नेटबँकिंग चालतं तिथे मी तो देत नाही. नवा ड्रायव्हरच निघत नसेल, तर जुन्या विंडोजचं एक मशीन इंटरनेटची वायर काढून फक्त त्या कामाला ठेवा. डिजिटल सहीच्या टोकनचंही असंच, फॉरमॅटनंतर त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. मॅडमकडे ते लक्षात यायला रात्रीचे साडेदहा झाले.

आता त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: टॅलीचा सिरीयल नंबर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ईमेल, ऑफिस आणि विंडोज कोणत्या खात्यावर, टोकनचा मेक. पासवर्डही लिहिणार होत्या, तो मी लिहू दिला नाही.