हॅमंड ऑर्गन आणि लेस्ली स्पीकर : जोडणी-दुरुस्तीत या चुका टाळा

लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली शिकागोहून बाजारात आणलेल्या ऑर्गनला आपण विजेचे वाद्य म्हणतो, पण त्याचा सूर फिरत्या चाकांतून जन्माला येतो. एका मोटरच्या जोरावर पोलादी चकत्या फिरतात. प्रत्येक चकतीची कडा उंचसखल असते, तिच्यासमोर चुंबक आणि त्याच्यावर तारेचे वेटोळे असते, आणि त्या वेटोळ्यात निर्माण होणारा क्षीण प्रवाह हाच सूर. चकत्या-वेटोळ्यांच्या या सगळ्या यंत्रणेला जनरेटर म्हणतात. बी-३ आणि सी-३ या मोठ्या ऑर्गनांत असे ९१ सूर अखंड तयार होत असतात आणि पट्टी दाबली की त्यांतले हवे तेवढे बाहेर सोडले जातात. हे समजून घेण्यापूर्वीच मागची फळी उघडणारे इतके भेटतात, की पुढच्या चुका एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

व्होल्ट जुळवणे आणि हर्ट्‌झ विसरणे

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. अमेरिकेत वीज ११७ व्होल्टच्या आसपास आणि ६० हर्ट्‌झची. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ऑर्गन घरी आला की स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला जातो, दिवा लागतो, आवाज येतो आणि काम झाले असे मानले जाते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो. हर्ट्‌झला तो हात लावत नाही. हॅमंडची मुख्य मोटर सिंक्रोनस असल्याने तिचा वेग केवळ हर्ट्‌झवर ठरतो, म्हणून ६० हर्ट्‌झचे वाद्य आपल्या विजेवर एक षष्ठांशाने मंद फिरते. ४४० हर्ट्‌झचा सूर सुमारे ३६७ वर येतो. पांढरी एक दाबली तर पांढरी सहाच्याही किंचित खालचा सूर ऐकू येतो, म्हणजे पट्टी बदलून वाजवले तरी इतर वाद्यांशी सूर जुळत नाही.

वसईकडच्या एका चर्चला परदेशातून भेट मिळालेल्या सी-३ ची या कारणाने झालेली दैना मी पाहिली आहे. ज्या कारागिराला आधी बोलावले होते त्याने सूर खाली आहे हे बरोबर ओळखले, पण जनरेटर झिजला असे निदान केले. मग मोटर खोलण्यात आली, चांगले कॅपॅसिटर काढून नवे बसवण्यात आले, आणि तरीही सूर जागचा हलला नाही. मी गेलो तेव्हा वादक मनातल्या मनात पट्टी वर चढवून वाजवत होते, आणि व्हायोलिनवाल्यांना तारा उतरवून बसावे लागत होते. मागे वाकून नावपट्टीवरची धूळ पुसली. तिथे ६० सायकल, म्हणजेच ६० हर्ट्‌झ, असे स्पष्ट कोरलेले होते. मोटरमध्ये मुळात काहीच बिघाड नव्हता. तिच्यावर केलेले उपचार निस्तरण्यातच माझा बहुतेक वेळ गेला.

म्हणून कोणताही ऑर्गन तपासताना मी हत्यारे बाहेर काढण्यापूर्वी नावपट्टी वाचतो. वाद्य ५० हर्ट्‌झचे असेल तर ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे. ६० चे असेल तर शुद्ध साइन वेव्ह देणारा, ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर घ्यावा, आणि ऑर्गन व त्याला जोडलेला लेस्ली स्पीकर मिळून जेवढे वॅट लागतात त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण सुरू होताना मोटर जास्त प्रवाह ओढते. घरगुती इन्व्हर्टर या कामाचा नाही. तो ५० हर्ट्‌झच देतो, आणि स्वस्तातल्याच्या चौकोनी लहरीने मोटर तापते. मंडपात डिझेल जनरेटरवर हॅमंड लावू नये. जनरेटरवर भार वाढला की त्याचा वेग ढळतो आणि ऑर्गनचा सूरही त्याच्याबरोबर हलतो.

प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली असे समजणे

डोनाल्ड लेस्ली यांच्या स्पीकरमध्ये वरचा भोंगा आणि खालच्या वूफरसमोरचा ड्रम फिरतो. वीज, ध्वनी आणि वेग बदलण्याचा हुकूम हे तिन्ही ऑर्गनकडून एकाच केबलने येतात. लेस्ली १२२ आणि १४७ ही पेट्यांची जोडी बाहेरून सारखीच दिसते, दोन्हींचे प्लग सहा पिनांचे असतात आणि एकाचा प्लग दुसऱ्यात सहज बसतो. आतली जोडणी मात्र वेगळी आहे. १२२ मध्ये ध्वनी दोन तारांवरून समतोल येतो आणि त्याच तारांवर चढवलेल्या डीसी व्होल्टेजने वेग बदलतो. १४७ मध्ये वेग बदलण्यासाठी मेन्सचे, म्हणजे थेट वीजपुरवठ्याचे, ११७ व्होल्टच केबलमधून धाडले जातात. चुकीच्या जोडीत हे मेन्स ध्वनीच्या वाटेवर येऊ शकतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जळतो. लहान आकाराच्या १४२ आणि १४५ यांच्यातही हाच फरक आहे: १४२ ची जोडणी १२२ सारखी, १४५ ची १४७ सारखी.

पेटीवरच्या लेबलवर विसंबून राहू नये. इतक्या वर्षांत अनेक पेट्यांतले अ‍ॅम्प्लिफायर बदलले गेले आहेत, त्यामुळे मी खालची फळी काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीवरचा (धातूच्या सांगाड्यावरचा) क्रमांक वाचतो, लेस्लीसाठी ऑर्गनला बसवलेल्या जोडणी-किटचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहतो आणि केबलची प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासतो. या तपासणीला फारसा वेळ लागत नाही. “एकदा लावून बघू” म्हणणाऱ्याच्या हाती मी केबल देत नाही. आत वूफर किंवा भोंग्याची तार सुटलेली असताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करणेही तितकेच घातक आहे. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अडकलेल्या जनरेटरवर फवारा मारणे

गंज सोडवणारा फवारा जनरेटरवर मारणे हा माझ्या मते या वाद्यावरचा अत्याचार आहे. जनरेटरच्या माथ्यावरच्या कुप्यांत तेल घातले की सुती धाग्यांतून ते झिरपत प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचते. फवाऱ्याने जुने तेल धुऊन निघते, मागे चिकटा राहतो आणि धाग्यांची वाट बंद होते. हॅमंडसाठी मिळणारे पातळ तेलच वापरावे, वर्षातून एकदा घालावे, आणि वाद्य बराच काळ बंद राहिले असेल तर तेल घालून काही दिवस मुरू द्यावे. मोटर नुसती गुणगुणत असेल तर स्टार्टचे बटण दाबून धरू नये. सुस्थितीतल्या बी-३ ला स्टार्ट सुमारे ८ सेकंद, मग स्टार्ट तसेच धरून रन सुमारे ४ सेकंद, एवढे पुरते. तेवढ्यात सूर आला नाही तर थांबून कारण शोधावे.

पट्ट्या करकरतात म्हणून कीबोर्डमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर ओतू नये. मोठ्या ऑर्गनांत प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क असतात आणि विरघळलेली घाण त्यांच्यातच जाऊन बसते. हे संपर्क ज्या सळईला टेकतात ती, म्हणजे बसबार, किंचित सरकवण्याचा स्क्रू याच कामासाठी दिलेला आहे. तो हळूहळू फिरवून संपर्काला कोरा भाग द्यावा.

सगळे कॅपॅसिटर एकदम बदलण्याची घाई नवशिक्यांना फार असते. वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर तपासून अवश्य बदलावेत, पण जनरेटरवरच्या कॅपॅसिटरांमुळे वाद्याचा आवाज घडलेला असतो, तेव्हा आधी मोजावे आणि मगच हात लावावा.

लेस्लीचा भोंगा आणि ड्रम फिरवणारे पट्टे ताणून बसवू नयेत. सैल पट्ट्यापेक्षा घट्ट पट्टा बेअरिंगला जास्त जाचतो.

जुन्या दोन पिनी दोरीऐवजी तीन पिनांची दोरी आणि खरे अर्थिंग घ्यावे. बंद केल्यावरही अ‍ॅम्प्लिफायरच्या कॅपॅसिटरांत शेकडो व्होल्ट उरतात; मीटरने शून्य दिसेपर्यंत आत बोट घालू नये. आणि ऑर्गन हलवण्यापूर्वी जनरेटर बोल्टने जखडावा, नव्या जागी पोहोचताच ते बोल्ट सोडावेत, म्हणजे जनरेटर पुन्हा स्प्रिंगांवर मोकळा तोलला जाईल आणि मोटरची घरघर लाकडी पेटीत उतरणार नाही.