परड्यात पाखरं येईनाशी झाली? आधी या चुका टाळा

परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, वाटीभर जोंधळा ठेवला तरी पाखरू फिरकत नाही, ही तक्रार बेळगावात जुलै-ऑगस्टात हमखास ऐकू येते. त्यावर लोक करतात काय, तर आणखी दाणे घालतात. नेमकं हेच करू नका. या दिवसांत पाखरांना तुमच्या वाटीची फारशी गरजच नसते. बांधावर गवताला बी धरलेलं असतं, अळ्या-किडे पावलोपावली सापडतात. सुगरणीची वीणही पावसाळ्यातच. सुगरण काय, चिमणी काय, स्वतः दाणे टिपतील, पण पिल्लांच्या चोचीत मुख्यतः किडेच भरवतील. तेव्हा परड्यातल्या दोडक्यावर आठवड्याला औषध मारायचं आणि वर चिमण्या कुठं गेल्या म्हणून विचारायचं, हे जमायचं नाही.

भिजलेल्या दाण्याला बुरशी धरते आणि ती पाखरांच्या जिवावर बेतू शकते. मृग लागला की वाटी उचलून ठेवा. ठेवायचीच असेल तर मूठभरच दाणे घाला आणि संध्याकाळी उरलेले झाडून टाका. जागाही बघा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्या अंगाला टांगलेली थाळी दिवसभर हेलकावत, भिजत राहते. तीच पूर्वेच्या वळचणीखाली आणली तर कोरडी राहते. थंडीतही हीच बाजू बरी, कारण कोवळं ऊन तिथं आधी पोचतं आणि पाखरं धुकं निवळल्यावरच मोकळी फिरू लागतात.

पाव्हण्यांच्या परड्याशी तुलना करणं हा आणखी एक घोळ. जिल्हा एकच, पण कणकुंबी-आमगावकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि अथणीला सहाशेच्या आसपास. त्याच घाटाकडच्या जांबोटीच्या मावशींकडे शिपाई बुलबुल येतो, कुर्टुक ओरडतो, एखादे दिवशी धनेशही डोक्यावरून जातो. अथणी-रायबागकडे होले, वेडे राघू, मुनिया आणि थंडीत जोंधळ्यावर उतरणाऱ्या भोरड्या. तिथं धनेशाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. सुमारे ७५० मीटर उंचीवरचं बेळगाव शहर या दोन्हींच्या मधलं.

घाटाकडच्या बऱ्याच पाखरांना तर दाण्याचं आकर्षणच नसतं, त्यांना फळ लागतं. खानापूर भागात थाळीपेक्षा पेरू लावा, आणि कढीपत्त्याचं झाड वाढू द्या. त्याची काळी फळं पिकली की बुलबुल न बोलावता येतात. फांद्या छाटायच्या तर जूनमध्ये नको. शिंपी पक्ष्याचं शिवलेल्या पानांतलं घरटं बाहेरून दिसतच नाही, आणि कोयता आधी त्यावरच पडतो.

एप्रिलात धोबी आणि थिरथिरा ही पाखरं दिसेनाशी झाली तर मांजराला दोष देऊ नका. ते थंडीपुरतेच पाव्हणे, उत्तरेकडे परत गेलेले असतात.

मांजराचा प्रश्न खरा येतो तो उन्हाळ्यात, पाण्यापाशी. मार्च ते मे दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं. स्लॅबवर स्टीलचं पातेलं ठेवलं की दुपारी पाणी चटका देण्याइतकं तापतं. पसरट मातीचं भांडं घ्या, पाणी दोन इंचांच्या वर नको, मध्ये एक दगड ठेवा आणि भांडं सावलीत ठेवा. झुडपाला चिकटवून ठेवलं तर मांजर दबा धरतं, अगदी उघड्यावर ठेवलं तर शिक्रा झडप घालतो. म्हणून झुडपापासून पाच-सहा हात दूर ठेवलेलं बरं. पाणी रोज बदला, नाहीतर पाखरांआधी डासच येतील.

याच दिवसांत एखादा दयाळ किंवा शिंजीर खिडकीच्या काचेवर सारखा चोच मारताना दिसेल. घरातले लगेच शुभ-अशुभ काढतात. त्याला काचेत दुसरा नर दिसत असतो, एवढंच. काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. गाडीच्या आरशावर येत असेल तर आरशावर जुना पायमोजा चढवा. विणीचा जोर ओसरला की तो आपोआप थांबतो.