सिंकहॉर्न चालवताना एप्सिलॉन हळूहळू उतरवा

गास्पार मोंजने १७८१ साली मांडलेला प्रश्न मातीचा होता: उकरलेली माती भरावाच्या जागी कमीत कमी खर्चात कशी न्यायची? मी तोच प्रश्न दोन करड्या चित्रांवर सोडवते. एकातली शाई दुसऱ्यात न्यायची, खर्च म्हणजे अंतराचा वर्ग.

बिंदू हजारभरच असतील तर सरळ नेटवर्क सिम्प्लेक्स (अशा वाहतुकीचे प्रश्न अचूक सोडवणारी पद्धत) चालवा, उत्तर अचूक मिळतं. पण २५६ बाय २५६ च्या चित्रात ६५,५३६ बिंदू असतात आणि प्रत्येक जोडीच्या खर्चाचा पूर्ण तक्ता डबलमध्ये (आकड्याला ८ बाइट) ठेवायला सुमारे ३४ जीबी लागतात. तिथे सिंकहॉर्न, म्हणजे तक्त्याच्या ओळी आणि स्तंभ आळीपाळीने जुळवत जवळपासचं उत्तर काढणारी पद्धत. मार्को कुतुरीच्या २०१३ च्या लेखानंतर ही पद्धत सगळीकडे पोहोचली.

तक्त्यात ओळ म्हणजे पहिल्या चित्रातला बिंदू, स्तंभ म्हणजे दुसऱ्यातला. प्रत्येक खर्चाला एप्सिलॉनने भागा (हा आपण निवडायचा धन आकडा; जितका लहान, तितकं उत्तर अचूक उत्तराच्या जवळ), उणे चिन्ह लावून एक्स्पोनेन्शियल घ्या. मग प्रत्येक ओळीला अशा आकड्याने गुणा की तिची बेरीज तिथल्या मालाइतकी होईल. मग स्तंभांना तसंच, मागणीप्रमाणे. पुन्हा ओळी, पुन्हा स्तंभ.

माझा पहिला प्रयोग इथेच फसला. माल खालच्या डाव्या कोपऱ्यात, मागणी वरच्या उजव्या, चौकोनाची बाजू १, एप्सिलॉन ०.००१. घातांक उणे ७४५ च्या खाली गेला की डबलमध्ये एक्स्पोनेन्शियल शून्यच होतं. ओळभर शून्य, शून्याने भागाकार, आणि सकाळी पडदाभर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'.

तेव्हापासून मी गुणक साठवत नाही. साठवते ते त्यांचा लॉग गुणिले एप्सिलॉन, म्हणजे पोटेन्शियल. बेरीज करताना आधी ओळीतला सर्वांत मोठा घातांक वजा करायचा, बेरजेचा लॉग घेतल्यावर तो परत मिळवायचा. एप्सिलॉन १ पासून सुरू करा, थोड्या फेऱ्या झाल्या की निम्मा करा, जुनी पोटेन्शियल तशीच पुढे न्या. दहादा निम्मा केला की ०.००१ च्या जवळ पोहोचता. घाई करू नका, खरंच.

आणि तो ३४ जीबीचा तक्ता बांधूच नका. अंतराचा वर्ग आडव्या-उभ्या भागांत फुटतो, म्हणून आधी आडवी बेरीज, मग उभी. २५६ बाय २५६ चा एकच तक्ता पुरतो.

थांबायचं कधी, हे ओळींच्या बेरजा पाहून ठरवा. स्तंभ नुकतेच जुळवलेले असतात, ते जुळणारच.

चित्रांना हात लावण्याआधी मात्र एका रेषेवर हजार-हजार बिंदू घ्या, सगळ्यांचं वजन सारखं. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावून पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा जोडला की नेमकं उत्तर मिळतं. सिंकहॉर्नच्या योजनेचा (कुठून कुठे किती न्यायचं, या तक्त्याचा) खर्च त्याहून किंचित जास्त यायला हवा. कमी आला तर ओळींच्या बेरजा अजून जुळलेल्या नाहीत, आणखी फेऱ्या लावा.