ड्रायव्हर सीटचा खड्डा

जुन्या गाडीची सीट दाराच्या बाजूने पार बसली होती. चढता-उतरता सगळा भार तिथेच येतो. वरून जाड कव्हर घालून भागत नाही, खड्डा आत असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बोल्ट खोलले, सीट उलटी केली. कव्हर धरणाऱ्या तारेच्या कड्या पकडीने कापल्या. स्प्रिंगांनी फोम अक्षरशः खाल्ला होता, हात लावला की पिवळा भुगा! अख्खा फोम बदलायची गरज वाटली नाही. कुजका भाग लांब सुरीने चौकोनी कापून तिथे कडक, जास्त घनतेचा तुकडा गोंदाने चिकटवला. (मऊ फोम हाताला छान लागतो, पण लवकर दबतो.) स्प्रिंग आणि फोमच्या मध्ये जाड गोणपाट हवंच, नाहीतर नवा फोमही चिरतो. आखडलेलं रेक्झिन हेअर ड्रायरने शेकलं, मग ताणून नव्या कड्या लावल्या. आता क्लच दाबताना कंबर तिरकी होत नाही.