रंगीत तुकड्यांचा लाकडी वाडगा कसा करायचा

तुकडे जोडून वाडगा करायचा, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या गोल रिंगा चिकटवायच्या, त्या एकावर एक रचायच्या आणि लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, आकार द्यायचा. हे म्हटलं की सगळे आधी लेथबद्दलच विचारतात, कुठला घेऊ, मोटर किती एचपीची. पण खरं सांगू का, या कामात ऐंशी टक्के मेहनत करवतीवर आणि फेविकॉल लावण्यात जाते, लेथ अगदी शेवटी येतो.

आधी लाकूड. वरून रंग लावलेलं लाकूड इथे चालत नाही, कारण कातताना वरचे दोन मिलिमीटर निघाले की आतून पांढरं दिसणार. रंग आरपार हवा. तयार मिळतं त्यात व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, रंगवून, रेझिन घालून, गरम दाबाखाली एकावर एक चिकटवलेले असतात. घरी करायचं तर अर्ध्या मिलिमीटरचं फिकट व्हिनियर घ्या, रेशीम रंगवायला वापरतात ते अ‍ॅसिड डाय गरम पाण्यात कालवा आणि त्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा. भांडं स्टीलचंच घ्या, लोखंडाच्या भांड्यात रंग काळवंडतो. मग एक कोपरा मोडून बघा, मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून भिजू द्या. धुऊन, दोन प्लायमध्ये कागद घालून वजनाखाली चांगलं वाळवा, पावसाळ्यात याला जास्त दिवस लागतात. काळा हवा असेल तर डायची गरजच नाही. व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेचा चोथा आठवडाभर ठेवा आणि ते पाणी बाभळीला लावा, बाभळीत टॅनिन भरपूर असल्याने ती काळी पडते, पण हा काळेपणा वरवरचा असतो म्हणून पातळ पट्टीलाच करा.

रंग निवडताना मी येवल्याच्या पैठणीकडे बघतो. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्याचा, मध्ये बारीक सोनेरी. वाडग्यालाही तेच शोभतं: सागाचं अंग, वरच्या तिसऱ्या रिंगमध्ये राणी किंवा हिरवा पट्टा, आणि शेजारी पिवळसर हेद, ज्याला वखारीत हळदू म्हणतात. सहा-सात रंग एकत्र घातले की लाकूड दिसेनासं होतं.

आता हिशोब. एका रिंगला 12 तुकडे घ्या, प्रत्येक टोकाचा कोन 180 भागिले 12 म्हणजे 15 अंश. 20 सेंटीमीटर व्यासाला प्रत्येक तुकड्याची बाहेरची कड 53.6 मिलिमीटर येते. 30 मिलिमीटर रुंद पट्टी उलटीपालटी करत कापलीत तर एका रिंगला 75 सेंटीमीटर पट्टी आरामात पुरते. कोन प्रत्येक टोकाला फक्त 0.1 अंशाने चुकला तरी 12 तुकड्यांच्या 24 टोकांत 2.4 अंश होतात आणि शेवटचा सांधा उघडाच राहतो, म्हणून टेबल सॉला स्लेड (पट्टी ठरल्या कोनात धरून पुढे सरकवायची पाटी) करून स्टॉप ब्लॉक (प्रत्येक तुकडा सारख्याच लांबीचा कापायला लावलेला अडसर) लावाच. तुकड्यांच्या मध्ये रंगीत व्हिनियर घातलं तरी कोन बदलत नाही, फक्त रिंग थोडी मोठी होते.

माझी पहिली रिंग अख्खी एकदम चिकटवली होती, सांधा उघडा राहिला आणि सगळी फेकावी लागली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी दोन अर्ध्या रिंग चिकटवतो, वाळल्यावर त्यांची टोकं सँडिंग डिस्कवर सपाट करतो, मगच जोडतो, त्यात उरलेली चूक निघून जाते. सागात तेल असतं म्हणून सांध्याला आधी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. तुकड्याच्या कापलेल्या टोकाला लाकडाचा उघडा धागा फेविकॉल पिऊन घेतो, म्हणून आधी पातळ हात, दोन-तीन मिनिटांनी दुसरा. आवळायला शेतातल्या पाइपला लावतात त्या स्टीलच्या क्लिपा दोन-तीन एकमेकीत अडकवल्या की झकास होतं.

रिंगा एकावर एक रचताना विटांसारखे सांधे अर्ध्या तुकड्याने सरकवा. तळाला मोठी अखंड चकती नको, आपल्याकडे एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल यात ती आडवी आकसते-फुगते आणि रिंगला तडा जातो. आठ सेंटीमीटरची सागाची चकती पुरे.

लेथवर सुरुवातीला 500-600 आरपीएम, तोल नीट वाटला की आठ इंची वाडग्याला 1000 पर्यंत. तोंडावर फेस शील्ड, नाकाला मास्क, हातमोजे अजिबात नाहीत, आणि सुरू करताना वाडग्याच्या समोर न उभं राहता बाजूला उभे राहा.

खरा घात पॉलिश पेपर करतो. राणी रंगाचा भुसा हेदमध्ये आणि सागाच्या उघड्या छिद्रांत भरतो आणि तो डाग नंतर जात नाही. म्हणून गाउजला, म्हणजे लेथवर कातायच्या गोल पटाशीला, कडक धार ठेवा, शेवटचा हात हलका तिरपा मारा म्हणजे पेपर 180 नंबरपासून सुरू करता येतो, आणि दर थोड्या वेळाने हवा मारा, फडक्याने पुसू नका. फिनिश आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा, डाय स्पिरिटमध्ये विरघळणारा असेल तर चपडा (स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश) लावताच रंग शेजारच्या लाकडात उतरतो, तिथे तेल बरं.

झाल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने आतून घासा. रंग आला तर त्यात खायचं काही ठेवू नका, किल्ल्या ठेवा. रंग नाही आला तरी घरी रंगवलेल्या वाडग्यात मी सोललेलं, ओलं किंवा गरम काही ठेवत नाही, सालीसकट अक्रोड ठेवतो, आणि खिडकीच्या उन्हापासून लांब, कारण उन्हाने सगळ्यात आधी राणी रंग उडतो.