राज्यशास्त्रात पीएचडी करताय? मग या चुका टाळा

पहिली चूक विषयातच होते. 'महाराष्ट्रातील पंचायत राज' एवढा मोठा विषय घेतला की सहा वर्षं कमी पडतात. माझाही तसाच होता, विद्यापीठाच्या संशोधन समितीतल्या सरांनी एवढंच विचारलं की नक्की कुठली गावं, कुठला काळ, आणि मला उत्तर देता आलं नाही. 2011 ला स्थानिक संस्थांत महिला आरक्षण 50 टक्के झालं, त्यानंतर एका तालुक्यातल्या महिला सरपंचांचं ग्रामसभेत किती चालतं, एवढाच प्रश्न धरला तेव्हा गाडी रुळावर आली.

मग फील्डवर्क. मुलाखतीला गेलं की बाई चहा ठेवायला आत जातात आणि उत्तरं सरपंचपती देत बसतात. माझ्या पहिल्या काही मुलाखती अशाच झाल्या, घरी येऊन वही उघडली तर बाईंचं स्वतःचं एक वाक्य नाही, सगळ्या गावांना परत चकरा. त्यामुळे बाईंना शेतावर किंवा ग्रामपंचायतीत एकटीला गाठा आणि कोण काय बोललं ते त्याच संध्याकाळी लिहून काढा, नंतर आठवत नाही.

मुदतीत लय जण फसतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमांनुसार कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं, आणि ती कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) संपल्यापासून नाही, अॅडमिशनच्या तारखेपासून मोजतात. री-रजिस्ट्रेशन केलं तर आणखी 2, महिलांना आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून 2. कोर्सवर्कला 55 टक्के लागतात. संशोधन पेपर छापायची सक्ती यूजीसीने काढली, पण तुमच्या विद्यापीठाने ठेवलीय का ते ऑफिसात लेखी विचारा.

आणि मराठीत थिसिस लिहिणाऱ्यांनो, जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका प्लीज. प्लेजरिझम (उचलेगिरी) पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही, शेवटी युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, 'कार्य'चं भलतंच काहीतरी होतं आणि तीनशे पानं डोळ्यांनी तपासत बसावं लागतं. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांच्या आत हवं, 40 च्या वर गेलं तर वर्षभर सबमिट करता येत नाही, त्याहून वर 60 ओलांडलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. घटनेतली कलमं, विधानसभेतली भाषणं उतरवताना अवतरणचिन्ह आणि संदर्भ तिथल्या तिथे द्या, आणि पहिलं चेकिंग प्री-सबमिशनच्या (थिसिस जमा करण्याआधीच्या सादरीकरणाच्या) दोन महिने आधीच करून घ्या.